काजूने काय काय करणे सोडले होते

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या घरी पुताई निघाली. पुण्याच्या नणंदेला हा शब्द ऐकून दर वेळी हसू येते, पण इंदूरच्या मराठी घरांत रंगकाम होत नाही, पुताईच होते, आणि ती एकदा सुरू झाली की घरातल्या कोणत्याही वस्तूला स्वतःची जागा उरत नाही. राजेंद्रनगरातले आमचे घर तीन खोल्यांचे, पुढे ओटला आणि मागे अरुंद बोळ असे आहे. रंगारी एकेक खोली रिकामी करवून घेत गेले, तसतसे कपाट, दिवाण, शिवणयंत्र आणि आमचा पाच वर्षांचा बोका काजू हे सगळे या खोलीतून त्या खोलीत सरकत राहिले. आठव्या दिवशी सकाळी काजूने माझ्या यजमानांच्या गादीवर, नेमकी उशीच्या बाजूला, लघवी केली.

सासूबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला. "त्याची दिवाणाखालची जागा काढून घेतलीत ना, आता सूड उगवतोय. मांजराची जातच डूख धरणारी." मला ते पूर्ण पटले, हे आज लिहिताना लाज वाटते. मी गादी ओटल्यावर उन्हात टाकली, काजूला त्या डागाजवळ नेऊन रागे भरले आणि सगळी फरशी दुप्पट फिनाईल घालून पुसून काढली. यांतले गादी वाळवण्याचे काम सोडले, तर बाकीच्या दोन्ही गोष्टींनी त्याचे दुखणे वाढवलेच असणार.

दुसऱ्या दिवशी तो दर दहा-पंधरा मिनिटांनी त्याच्या शी-शूसाठी माती भरून ठेवलेल्या ट्रेमध्ये जाऊन बसू लागला. पाठ वाकवून बराच वेळ जोर करी, काहीच न करता बाहेर येई आणि कोपऱ्यात जाऊन मागचे अंग चाटत राही. मला वाटले, बद्धकोष्ठ झाला असेल. ओळखीच्या एका दुकानदाराने फोनवर पोट साफ होण्याचे औषधही सुचवले. ते आणायला त्या गडबडीत कोणी मोकळे नव्हते, हे आमचे नशीब. दुपारी काजूने खालच्या पट्टीतला, लांबत जाणारा असा आवाज काढला, जो मी पाच वर्षांत कधी ऐकला नव्हता, आणि तेव्हा कुठे मी त्याला टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेले. त्यांनी त्याचे पोट चाचपले आणि मग माझी बोटे धरून तिथे ठेवली. कातडीखाली मोसंबीएवढा ताठर गोळा हाताला लागला. ते तुंबलेले मूत्राशय होते.

बोक्याचा मूत्रमार्ग मांजरीच्या मानाने लांब आणि अरुंद असतो. मूत्राशयाला सूज आली की तिथल्या पेशी, चिकट द्रव आणि बारीक स्फटिक यांचे बूच त्या मार्गात अडकू शकते, किंवा नुसत्या आकुंचनानेही तो बंद होऊ शकतो. लघवी बाहेर पडली नाही की मूत्रपिंडांवर दाब येतो, रक्तातले पोटॅशियम चढते, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. काजूला भूल देऊन नळी घातली, सलाईन लावले आणि तीन रात्री तिथेच ठेवून घेतले. खडा सापडला नाही, जंतूही सापडले नाहीत. डॉक्टरांनी जे नाव सांगितले ते 'फिलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस', म्हणजे नेमके एक कारण दाखवता येत नाही अशी मूत्राशयाची सूज. परंतु तिच्यामागे मनावरच्या ताणाचा मोठा हात असतो, एवढे आता पशुवैद्यकात मान्य झालेले आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातील टोनी बफिंग्टन या पशुवैद्यांनी या विकाराचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांच्या गटाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की, खाण्याच्या वेळा बदलणे, नेहमीची सांभाळणारी माणसे बदलणे अशा साध्या उलथापालथींनी आजारी मांजरेच नव्हेत, तर निरोगी मांजरेही उलट्या करू लागतात, खाणे कमी करतात आणि ट्रेच्या बाहेर घाण करतात.

गादीवरची लघवी ही अशी होती. मूत्राशयात आग होत असलेला बोका ट्रेमध्ये गेला की तिथे त्याला दुखते, म्हणून तो ट्रेलाच दुखण्याचे कारण समजतो आणि एखादी मऊ, ओळखीच्या वासाची जागा शोधतो. यजमानांची उशी ही घरात त्या दिवशी उरलेली सर्वांत ओळखीच्या वासाची वस्तू होती. ज्याला आम्ही सूड म्हणत होतो, तो खरे तर आधार शोधण्याचा प्रकार होता.

डॉक्टरांनी मला दोन प्रश्न विचारले. पंधरा दिवसांत घरात काय बदलले, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. दुसरा प्रश्न होता, "त्याने काय काय करणे सोडले आहे?" तो काय काय करतो ते सांगायला मी तयार होते; सोडले काय, याचा विचारच केलेला नव्हता. त्या रात्री काजू नसलेल्या घरात बसून आठवत गेले, तेव्हा यादी लांबतच गेली. दूधवाल्याची घंटा वाजली की दाराशी जाणे त्याने सोडले होते. मागच्या दाराजवळच्या तागाच्या पोत्यावर नखे घासणे सोडले होते. पोट वर करून, पाय पसरून झोपणे सोडले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीत तो बसत नव्हता आणि दिवसा अन्नाला तोंड लावत नव्हता. रंगारी गेले, दिवे मालवले, की मग कधीतरी वाटी रिकामी होई, त्यामुळे तो जेवतो आहे असेच आम्ही धरून चाललो होतो. आणि ट्रे तर मी रोज सकाळी स्वतःच साफ करत होते. त्या मातीत लघवीचे गोळे बनतात. एरवी दिवसाला दोन-तीन, लिंबाएवढे निघत. पुताई सुरू झाल्यावर ते आवळ्याएवढे झाले, मग वाटाण्याएवढे, आणि संख्या मात्र सात-आठवर गेली. हे सगळे माझ्या हातातल्या झाऱ्यावर रोज येत होते, आणि मी समजत होते की या वेळची माती हलक्या प्रतीची आली आहे.

मांजराचा ताण ओळखणे कठीण जाते ते यामुळेच. कुत्रा घाबरला की अंगाशी येतो, कुंई कुंई करतो, धापा टाकतो. त्याची कळपात राहण्याची रीत आहे आणि मदत मागितली तर ती मिळते, हे त्याच्या रक्तात आहे. मांजराचे पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजरे, एकेकटी शिकार करणारी आणि स्वतःही मोठ्या जनावरांची शिकार होणारी. दुबळेपण दाखवून तिथे कोणी धावून येणार नव्हते. उलट दाखवले तर मरण जवळ येत होते. म्हणून मांजर संकटात गप्प होते, लहान होते, दिसेनासे होते. आपण त्याला 'शहाणे झाले' म्हणतो. पुताईच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतः शेजारणीला अभिमानाने सांगितले होते की, काजू बिचारा काही त्रास देत नाही, दिवसभर कपाटामागे झोपून असतो.

तो झोपलेला नव्हताच. झोपलेल्या मांजराचे अंग सैल पडलेले असते, मान कुठेही टेकलेली असते, पंजे बाहेर लोळत असतात. काजू चारही पंजे पोटाखाली घट्ट घेऊन, पाठ किंचित कमानदार करून, डोके खांद्यांच्या खाली झुकवून बसे. डोळे अर्धवट मिटलेले, पण रंगाऱ्याची शिडी सरकली की कान आधी त्या दिशेला वळत आणि मग आडवे होत. शेपटी अंगाभोवती इतकी आवळलेली असे की तिचे टोक पंजाखाली दाबलेले दिसे. मांजराच्या शरीरात ताण प्रथम कानांत आणि डोळ्यांच्या बाहुल्यांत दिसतो. भरपूर उजेड असूनही बाहुल्या मोठ्या, काळ्या, गोल राहिल्या असतील, कान बाजूला पडले किंवा मागे चपटे झाले असतील, पाठीची कातडी मधूनच थरथरत असेल, तर ते जनावर स्वस्थ नाही. फिस्कारणे, नखे काढणे, अंगावर येणे हे फार पुढचे टप्पे झाले. तिथपर्यंत पोचण्याआधी मांजराने आपल्याला दहा वेळा सांगून पाहिलेले असते. केसलर आणि टर्नर यांनी १९९७ साली मांजरांच्या ताणाची एक मोजपट्टी मांडली, तिला सात पायऱ्या आहेत, अगदी सैलावलेल्या स्थितीपासून भेदरून गेलेल्या स्थितीपर्यंत. आपण सामान्य माणसे पहिली आणि शेवटची पायरीच ओळखतो.

वेदना आणि ताण या दोन गोष्टी एक नाहीत, पण दाखवण्याच्या खुणा पुष्कळशा सारख्या असतात. मॉन्ट्रियल विद्यापीठातील पशुवैद्यांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कान, डोळ्यांचे आक्रसणे, नाका-तोंडाभोवतीचा ताठरपणा, मिशा आणि डोक्याची ठेवण या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा अधिक गुण झाले तर वेदनाशामकाची गरज आहे असे समजायचे. मिशांकडे मी त्यापूर्वी कधी लक्ष दिले नव्हते. आता कळते की काजू स्वस्थ असतो तेव्हा त्याच्या मिशा सैल, किंचित खाली वळलेल्या असतात, आणि दुखत असते तेव्हा त्या सरळ, पुढे रोखलेल्या दिसतात.

घुरघुर ऐकून निर्धास्त होऊ नये, हेही मला महागात पडून कळले. डॉक्टरांच्या टेबलावर, मूत्राशय तुंबलेले असताना, काजू घुरघुरत होता. मांजरे आनंदात घुरघुरतात तशी भीतीत, दुखण्यात आणि पिल्लांना जन्म देतानाही घुरघुरतात. शरीराची बाकीची ठेवण न पाहता त्या आवाजावरून काही ठरवता येत नाही.

अंग चाटण्याच्या बाबतीत मात्र मी थोडी वेगळी सावधगिरी सांगेन. मांजर पोट किंवा मांड्यांची आतली बाजू चाटून चाटून केस उडवते, तेव्हा 'टेन्शनमुळे करते' असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मानसिक कारणाने केस गेले आहेत असे समजून पाठवलेल्या २१ मांजरांची नीट तपासणी केली, तेव्हा त्यांतल्या १६ मांजरांना त्वचेचे किंवा ॲलर्जीचे खरेखुरे दुखणे निघाले. म्हणून ताण हा शब्द डॉक्टरांनी तपासून झाल्यावर वापरायचा, त्याआधी नाही. मांजर एक-दोन दिवस काहीच खात नसेल तरी थांबू नये, कारण उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून नवेच संकट उभे राहते. आणि बोका ट्रेमध्ये बसून जोर करत असेल, तर सकाळ होण्याचीही वाट पाहू नये. घरातली माणसांची गोळी तर कधीच देऊ नये. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर मरू शकते.

फिनाईलचेही तसेच आहे. फिनॉल-वर्गातील रसायने मोडून बाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी असते, आणि मांजर फरशीवरून चालून पंजे चाटते. मी ज्या दिवशी दुप्पट फिनाईल घातले, त्या दिवशी काजूच्या नाकाला काय वाटले असेल याची कल्पना करवत नाही. आता आम्ही साध्या साबणाच्या पाण्याने पुसतो आणि घर काही कमी स्वच्छ राहत नाही, जरी इंदूरकरांना स्वच्छतेबद्दल बोलताना नाक जरा वरच ठेवायची सवय लागलेली असली तरी.

पण सर्वांत मोठी चूक मला महिनाभराने उमगली. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक तेलकट तपकिरी पट्टा होता. काजू येता-जाता तिथे गाल घासत असे. मांजराच्या गालांत, हनुवटीत आणि कपाळावर गंधाच्या ग्रंथी असतात. जिथे तो गाल घासतो तिथे 'हे माझे, इथे भीती नाही' अशी नोंद होते, आणि तो वास पुन्हा पुन्हा हुंगून मांजर स्वस्थ राहते. तो पट्टा मळका दिसतो म्हणून मी रंगाऱ्याला मुद्दाम सांगून पॉलिश-पेपरने घासून काढायला लावला होता. त्याच आठवड्यात दिवाण, तागाचे पोते, सोफ्याचा कोपरा असे सगळेच हलले किंवा धुतले गेले. आमच्या दृष्टीने घर उजळले. काजूच्या दृष्टीने ते कुणा परक्याचे घर झाले.

आवाजाचे पाहायचे, तर माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे ऐकू येते आणि मांजराची मर्यादा ६०,००० हर्ट्झच्याही पलीकडे जाते. रंगाऱ्यांचा घासकागद, ड्रिल, बादल्या हे सगळे त्याच्यासाठी आपल्यापेक्षा वेगळेच असते. माझे माहेर इंदुरातल्याच मल्हारगंजातले. रंगपंचमीला तिथे टोरी कॉर्नरची गेर, म्हणजे रंग उडवणारी मिरवणूक, निघते, ढोल, डीजे, गुलाल उडवणारी यंत्रे आणि पाण्याचे टँकर राजवाड्याकडे सरकतात, तेव्हा माझ्या भावाची मांजर ठकी पलंगाखाली जाते आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत बाहेर येत नाही. पूर्वी भाचे तिला 'सवय व्हावी' म्हणून ओढून काढत. अशाने सवय होत नाही. लपायची जागाही भरवशाची नाही, एवढेच तिला कळते. आता ते आदल्या रात्रीच आतल्या खोलीत तिच्या पलंगाखाली पाणी आणि ट्रे ठेवतात आणि दार लोटून घेतात.

लपण्याची जागा देणे हा उपाय इतका साधा आहे की त्यावर विश्वास बसत नाही. नेदरलँड्समधील एका निवारागृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपायला खोकी दिली आणि बाकीच्यांना दिली नाहीत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खोकेवाली मांजरे पहिल्या काही दिवसांतच अधिक लवकर स्थिरावलेली दिसली. आम्ही काजूला मिक्सरचे रिकामे खोके दिले, आडवे, आत यजमानांचा न धुतलेला सदरा. कपाटावरची जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवली, कारण उंचावरून खोली दिसली की मांजराला धीर येतो. ट्रे एकाचे दोन केले, नियमच असा की जितकी मांजरे त्याहून एक ट्रे जास्त, आणि जुना ट्रे धुलाईयंत्राशेजारून हलवला, जिथे तो बसलेला असतानाच यंत्र घुमू लागत असे. पाण्याची वाटी अन्नापासून दूर, दोन ठिकाणी ठेवली. जेवणाच्या वेळा घड्याळाप्रमाणे केल्या. संध्याकाळी दहा मिनिटे नाडीला बांधलेल्या चिंधीमागे त्याला धावायला लावणे हे काम यजमानांनी घेतले, आणि त्यांना ते काजूपेक्षा अधिक मानवले आहे असे माझे मत आहे.

ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की, माणसाने मांजराकडे पाहून डोळे हळूहळू बारीक करून मिटले, तर मांजरही तसेच करते आणि जवळ येण्याची शक्यता वाढते. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा सासूबाईंनी डोळ्यांत काही गेले का विचारले. काजूने तिसऱ्या दिवशी उत्तर दिले, कपाटावरून.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मागच्या बोळात एक काळा, रुंद गालांचा बोका येतो आणि खिडकीखाली शेपटी थरथरवत भिंतीवर फवारा मारून जातो. काच बंद असली तरी काजूला तो दिसतो, त्याचा वास येतो, आणि त्या दिवशी काजू खिडकीकडे पाठ करून बसतो. खालच्या काचांना आम्ही कागद चिकटवले आहेत आणि भिंत धुतो. काळ्या बोक्याला पकडून नसबंदी करून आणण्याचे दोन प्रयत्न फसले.

ट्रेची सकाळची नोंद आता सासूबाईंकडे आहे. चहाच्या वेळी त्या सांगतात, "दोन, लिंबाएवढे," आणि मग पेपर उघडतात. गेल्या आठवड्यात यजमानांना स्वयंपाकघराच्या चौकटीवर, नव्या पांढऱ्या रंगावर, वीतभर उंचीवर एक फिकट तपकिरी पट्टा उमटू लागलेला दिसला. ते फडके ओले करून घेऊन आले. सासूबाईंनी उठून त्यांच्या हातातून ते काढून घेतले.